देव्हाऱ्यातला सरकारी कागद

सातवीत गुरुजींनी नव्या घटनेतले हक्क पाठ करून घेतले, तेव्हा वर्गात सर्वांत मोठा आवाज माझा. प्रत्येकाला बोलायचं स्वातंत्र्य आहे, हे सांगताना तर मान अशी ताठ, जणू ते मीच सगळ्यांना वाटून देतेय. पुढच्याच वर्षी कासारवाडीजवळच्या शेतकऱ्याघरी सून होऊन आले आणि सासऱ्यांसमोर ब्र काढायचा नाही, ही रीत निमूट पाळू लागले. आता नातींना हे पटत नाही. मला तरी कुठं पटतं?

नवरा लांब पलटणीत होता. एके दिवशी गावचा कोतवाल सरकारी शिक्क्याचा कागद देऊन गेला. जमिनीच्या मोजणीचा असेल, म्हणाला. सासऱ्यांनी अंगठा उठवला आणि सरकारचा शिक्का म्हणून कागदाला हळदकुंकू लावून तो देव्हाऱ्यात ठेवला. घरात वाचता येणारी मी एकटी. देव पुसताना वाचला. आमचं विहिरीचं वावर कारखान्यासाठी घ्यायचं ठरलं होतं. हरकत असेल तर महिन्याच्या आत अर्ज करायचा होता.

सासूबाईंना सांगितलं. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "आमी न्हाई बाई त्यांच्या कागदात तोंड घालत. इचारतील तवा सांग."

मग मी विचारण्याची वाट पाहत बसले. रोज वाढताना मनात वाक्य जुळवायची; सासरे पाणी मागायचे, मी पाणी द्यायची. एकदा धीर करून कागद त्यांच्या ताटाशेजारीच ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि परत देवापुढं नेऊन ठेवला. मला चक्क हसू आलं. अक्कल बघा माझी.

महिना उलटला. माणसं वावरात खुंट्या ठोकायला आली, तेव्हा सासरे कागद घेऊन कचेरीत गेले. मुदत संपली, एवढंच कारकुनानं सांगितलं, तेही अगदी गोड आवाजात.

घरी येऊन ते उंबऱ्यावर बसले, पाठ माझ्याकडे करून. "सूनबाई, तुला वाचाया येतं. ह्यात अर्जाचं लिवलं हुतं?"

दाराआडून मी म्हणाले, "व्हय."

त्यांच्याशी बोललेला माझा पहिला शब्द. ते रागावले असते तर बरं झालं असतं. कागदाची घडी घालून ते सासूबाईंना म्हणाले, "तिला सांग, हितनं फुडं बोलत जा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी, वावर हातचं जायच्या आत, अर्धी कच्ची ज्वारी कापायला सगळे उतरलो. मी काही बोलेन म्हणून सासरे दोनदा विळा थांबवून माझ्याकडे बघत राहिले. दोन्ही वेळा मी पाण्याचा तांब्या पुढं केला.