एकदाच घेतलेली शपथ

आमच्या थोरल्या साडूंइतका निवृत्त न झालेला निवृत्त माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात सापडायचा नाही. फौजेतून सुभेदार होऊन ते न्हावऱ्याजवळच्या आपल्या गावी परतले, त्याला जमाना झाला. पण भरती झाल्यावर झेंड्यासमोर घेतलेली शपथ अजून चालू आहे, असं त्यांचं ठाम मत. "घे म्हणले, घेतली. सोड असं कुणी म्हणलं का?" कधीही बोलावणं येईल या तयारीनं त्यांची वळकटी कायम बांधलेली, आणि घरात कितीही पाहुणे आले तरी तिच्यातलं ब्लँकेट सुटत नाही. दौंडला पुतणीच्या लग्नात बुफेभोवती झुंबड उडाली, तेव्हा या गृहस्थांनी आधी बायकापोरं, मग म्हातारे, अशी रांग लावली आणि ताट घेऊन घुसलेल्या वरबापालाही मागं धाडलं. वऱ्हाडात लग्नापेक्षा त्या रांगेचीच चर्चा जास्त झाली.

अशा माणसावर गावानं संशय घ्यावा? ग्रामपंचायतीत उपसरपंचाची निवड होती. साडू सदस्य, आणि उभा होता त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. आमच्याकडे अशा वेळी कुणी फुटू नये म्हणून आपल्या बाजूच्या सगळ्या सदस्यांना देवळात नेऊन भंडारा उचलून शपथ घ्यायला लावतात. एकेकानं उचलला. साडूंनी मात्र हात मागं बांधले.

"अरं, समद्यांनी उचलला. तुलाच का जड जातोय?" दोस्त म्हणाला.

"म्या शब्द दिलाय तुला. शपथ एकदाच घेतलीया, तेवढी पुरे हाय मला."

मतदान गुप्त झालं आणि दोस्त एका मतानं पडला. कपाळभर भंडारा फासलेल्यांपैकीच कुणीतरी दगा दिला, हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण गावानं बोट दाखवलं ते साडूंकडे! सव्वीस जानेवारीला शाल घालून फोटो काढायला यांना फौजी लागतो, त्याचा शब्द तेवढा चालत नाही. माझं तर टाळकंच सरकलं. आणि तो दोस्त? हल्ली दारावरून मान वळवून जातो.

परवा मी म्हणालो, "मत कुणाला दिलंत ते सांगून मोकळे व्हा की!"

"गुप्त म्हंजी गुप्त. संविधान पाळीन म्हणून शपथ घेतलीय म्या."

"निदान दोस्ताला तरी सांगा."

ते रस्त्याकडे बघत राहिले.

"त्याला सांगावं लागतंय व्हय?" त्यांनी अगदी हळू विचारलं.