नकाराचं पत्र

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या त्या ऑफिसात ‘आय अग्री’चं बटण मी केलं होतं आणि मला त्याचा चक्क अभिमान होता. फोटो साठवायची ऑनलाइन सेवा होती ती. कंपनी अमेरिकन, माझं वर्क परमिट तिच्याच जिवावर. नव्या अटींमध्ये एक कलम घुसवलं होतं: तक्रार असली तरी कोर्टात जायचं नाही, कंपनीने नेमलेल्या लवादापुढे जायचं. हे नको असेल त्याने तीस दिवसांत सही करून आमच्या ऑफिसला पोस्टाने पत्र पाठवायचं. होकार एका क्लिकवर आणि नकार पोस्टाने!

ते कलम वाचणारं एकच माणूस मला माहीत होतं आणि ते माझ्याच घरात होतं. बायको पुण्यात वकिली करायची, फितूर साक्षीदारांवर चरफडत घरी यायची. इथे तिची सनद चालत नव्हती. दिवसभर फ्लॅटमध्ये बसून ती येईल तो कागद वाचायची, इथल्या नगरपालिकेच्या कचऱ्याच्या पत्रकासकट. आमचेही फोटो त्याच साइटवर होते.

“मी ऑप्ट आउट करतेय,” चहा गाळता गाळता ती म्हणाली. “पत्र रेकॉर्डेड डिलिव्हरीने टाकणार.”

“अगं, माझीच कंपनी आहे.”

“म्हणून काय झालं? कोर्टात जायचा हक्क मी नाही सोडणार.”

मी हसलो. तिने पत्राचे तीन खर्डे केले. दोन वर्षांत तिला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

चार दिवसांनी रिसेप्शनवरची बाई जेवायला गेलेली असताना पोस्टमन आला. मी सही केली आणि पाकिटावरचं अक्षर ओळखलं. पाकीट ट्रेमध्ये टाकलं. दुपारी तो ट्रे फोटोकॉपियरखालच्या खोक्यात रिकामा झाला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी केलेल्या डेटाबेसमध्ये नकाराला कॉलमच नव्हता. कुणी मागितला नव्हता आणि मलाही सुचला नव्हता.

त्यानंतर मी खुर्चीत टिकेना. काही कॉपी करायचं नसताना दहादा त्या मशीनपाशी जायचो. खोकं भरत चाललं होतं, पाकिटं तशीच बंद. शेवटी मॅनेजरला सांगितलं.

“नॉट इन स्कोप, मेट. नेक्स्ट रिलीजला बघू,” असं काहीसं तो इंग्रजीत म्हणाला.

नेक्स्ट रिलीज, म्हणजे साइटची पुढची आवृत्ती, दोन महिन्यांनी होती. तोवर तीस दिवस उलटून खोक्यातल्या सगळ्यांचा होकार धरला जाणार होता. एरवी मी बस उशिरा आली तरी ड्रायव्हरशी भांडतो. तिथे मात्र परमिट आठवलं आणि ‘ओके’ म्हणून जागेवर आलो. स्वतःची किळस आली.

“माझं पत्र पोचलं असेल ना रे?” ती विचारायची.

“असेल की,” म्हणून मी कचऱ्याची पिशवी उचलायचो.

तिसाव्या दिवशी तिने माझ्यापुढे एक प्रिंटआउट ठेवला. पोस्टाच्या वेबसाइटवर पाकीट घेणाऱ्याची सही दिसते. सही माझी होती.

“हे मी पहिल्याच आठवड्यात बघितलं,” ती म्हणाली. “तू कधी सांगतोस, याची वाट बघत होते.”

मी सगळं ओकलो. खोकं, कॉलम, मॅनेजर, परमिट. अशिलाचं ऐकावं तसं तिने मधे न बोलता ऐकून घेतलं. मग तो कागद पंच करून फायलीत लावला.

“पुरावा पक्का आहे माझ्याकडे,” ती म्हणाली. “साक्षीदार तेवढा फितूर निघाला.”