मूठ जात नाही तिथून

गिरणीत उभी हयात पान्या-पकडीशी गेली, म्हणून त्याला सगळे फिटरच म्हणत. बायकोसुद्धा. "फिटर, ताट वाढलंय," अशी तिची हाक. ती जाऊन दोन महिने झाले होते. मागं तिच्या पाच कोंबड्या राहिल्या. फिटर त्यांना दाणा टाकायचा, गळक्या नळाचा वायसर बदलावा तसा. टाकायचा आणि आत जाऊन बसायचा.

मग परसात मुंगूस यायला लागलं. तेही भर दुपारी. एक कोंबडी गेली, तीन दिवसांनी दुसरी.

दोन गल्ल्या पलीकडची थोरली बहीण येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तिनं लेकरांसारख्या सांभाळल्या रे. आणखी एक गेली ना, तर उरलेल्या मी घेऊन जाणार. आधीच सांगते."

"हं," फिटर म्हणाला.

पण त्याच दिवशी त्यानं हत्यारांची पेटी काढली. खुराड्याचं दार लोखंडी चौकटीत बसवलं, दोन कड्या लावल्या, जाळी दुहेरी केली, खाली फरशी टाकली. मग फट दिसेल तिथं मूठ लावून बघितली. गिरणीतली शिस्तच तशी होती: यंत्राच्या जाळीतून मूठ आत जात नसेल, तर जाळी पास. त्याची मूठ कुठंच गेली नाही. खुराडं पास. कोंबड्या दिवसभर आत कोंडून घातल्या.

चौथ्या दिवशी दुपारी आत एक कोंबडी मरून पडलेली, भोवती पिसं. कड्या जागच्या जागी. फिटरनं कोंबडी पुरली, पिसं गोळा केली, फरशी धुतली, चहा केला आणि प्यायचा विसरला.

बहीण झाकणाची टोपली घेऊन आली. "काही वाटतं का तुला?"

"बिजागरी कुरकुरतेय."

"बिजागरी! धन्य आहेस. नेऊ ना मग?"

"ने, आक्का."

ती तरातरा खुराड्याच्या मागं गेली. तिथली एक सैल फळी बाजूला सरकवली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि अंडं बाहेर काढलं. फिटर बघतच राहिला.

"हे भोक कधी पाडलं?"

"तुझ्या बायकोनं. दार उघडलं की कोंबड्या बिथरायच्या, म्हणून इथून काढायची अंडी. तुला माहीत नाही?"

"मला ती नुसती फट वाटली होती. माझी मूठ गेली नाही."

"मुंगूस काय तुझी मूठ घेऊन हिंडतं होय रे!"

फिटर वाकला. भोकाची कड हात लागून लागून गुळगुळीत झाली होती. त्यानं बोटं घातली. पेरांपाशी अडकली.

तो पत्र्याचा तुकडा घेऊन आला. बहीण जरा नरमली. "बुजवू नकोस. झडप कर, बाहेरून कडी लाव. तुला काय अवघड आहे?"

"हात कोण घालणार?"

तिनं टोपली खाली ठेवली.

चार स्क्रू. तीन बसले. चौथाही बसला, तरी फिटर पिळतच राहिला.

"अरे, बसला तो."

तो पिळत होता. शेवटी स्क्रूचं डोकंच झिजलं आणि पेचकस नुसता गरगर फिरायला लागला. आयुष्यात त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंगूस पत्रा खरवडून गेलं. संध्याकाळी फिटरनं दार उघडलं. उरलेल्या दोन्ही कोंबड्या बिथरून अंगावर आल्या. तो गुडघ्यावर बसून आत शिरला, अंडं उचललं आणि दोन्ही कड्या लावल्या.