तिच्या वाटणीचा घोट

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते ताडपत्रीची घडी घालायचं. मार्केट यार्डात टोमॅटो उतरवून आलो होतो, पिकअप दारात उभी होती. ताडपत्रीची घडी एकट्यानं होत नाही. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. आधी झटकायची, मग ताणायची, मग दोघांनी एकमेकांकडं चालत यायचं. मी नेहमी वाकडा यायचो. ती म्हणाली, "गाडी एवढी सरळ चालवता, अन् कापड धरलं की मोकाट बैलावानी येता." मी म्हणालो, "तूच ओढतेस." एवढंच बोलणं झालं. त्याच दिवशी संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या पायरीवरच ती गेली. डॉक्टरनं हात लावायच्या आधीच.

मी चौथी शिकलेला माणूस. कायदा मला ठाऊक नव्हता. आज जो थोडा ठाऊक आहे तो भीतीनं शिकलो.

आमचं गाव पेठच्या अंगाला, डोंगरात. पोटासाठी नाशिकला आलो तरी मेल्या माणसाचा दिवस गावीच करतो. तिचा दिवसही तिथंच केला. आमच्यात अशी रीत आहे की त्या दिवशी नवऱ्यानं पळसाच्या द्रोणात मोहाची दारू घ्यायची, तिच्या नावानं जमिनीवर सोडायची आणि तळाला राहील ती आपल्या ओठाला लावायची. तो तिच्या वाटणीचा घोट. तिला तोंड राहिलेलं नाही म्हणून आपल्या तोंडानं घ्यायचा. मी ड्रायव्हर माणूस, दारूला कधी शिवलो नाही. पण हा घोट माझा नव्हताच.

गावातला म्हातारा भगत म्हणाला, "आज घेतलंस ते कुणापुढं नाकारायचं नाय. राजा आला तरी नाय. तू नाकारलंस की ती मेलेल्यांच्या पंगतीतनं उपाशी उठली समज."

मी मान हलवली. ह्या बोलण्याचा मला पुढं एवढा घोर लागेल असं वाटलं नव्हतं.

परत निघालो तेव्हा ऊन कलतं होतं. शेजारी मेहुणा, तिचा धाकटा भाऊ. बहिणीच्या दुःखात त्यानं पोटभर पिली होती आणि काचेला डोकं लावून रडत होता. पेठ रोडला, शहर लागायच्या आधी, पोलिसांनी नाकाबंदी लावलेली. एका साहेबानं हात केला. तरणा साहेब, मिसरूड नुकतं दाट झालेलं. त्यानं खिडकीतून डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"उतर खाली, म्हाताऱ्या."

मेहुणा माझ्या आधी उतरला. "साहेब, वास माझा हाय! दाजी लय साधा माणूस. मी पिलोय, मी!"

"तू गप. तू गाडी चालवत नव्हतास."

"म्हणून तर पिलो ना, साहेब!"

बाजूची हवालदार बाई तोंड फिरवून हसली. साहेब हसला नाही. मला म्हणाला, "खरं सांग. घेतलीय का?"

नाही म्हणायला काय जातं? एक शब्द. गाडी माझी भाकरी आहे. लायसन गेलं तर ह्या वयात मला कोण कामाला ठेवणार? पण डोळ्यापुढं पंगत आली, आणि त्यात पदर सावरून उठणारी ती.

"घेतली," मी म्हणालो.

"किती?"

"ओठाला लावली."

"सगळेच ओठाला लावतात. पाठीला कोण लावतं?"

मग ते मशीन पुढं आलं. नळी माझ्या आधीच्या माणसाची, अजून ओली. मी फुंकलं. रडून रडून छाती भरलेली, त्यात बिडीचा खोकला. मशीननं चूं केलं आणि बंद पडलं. परत फुंकलं, परत तेच.

"मुद्दाम फुंकत नाही," साहेब म्हणाला. "घ्या ठाण्यात."

गाडीची चावी त्यानं काढून घेतली. आजवर माझी चावी दुसऱ्यानं काढली नव्हती.

ठाण्यात बाकावर बसलो तर समोरच कोठडीचे गज. आत एक जण पालथा झोपलेला, त्याच्या तळपायाला चिखल. मी त्या तळपायाकडंच बघत राहिलो. तहान लागली होती, पण पाणी मागायची हिंमत होईना. आजवर पोलीस ठाण्याची पायरी चढलो नव्हतो आणि आता थेट गुन्हेगार म्हणून. उद्या कोर्टात उभं करतील, शेजारीपाजारी म्हणतील की बायको मेली आणि हा प्यायला लागला.

मेहुणा कानाशी आला. त्याची उतरायला लागली होती. "दाजी, आता पलटा. नाय घेतली म्हणा."

"तूच ओतलीस ना द्रोणात?"

"ओतली म्हणून तर सांगतो, थेंबभर होती. कुणाला कळतंय?"

"तुझ्या बहिणीला."

तो परत रडायला लागला. "मला नका घालू त्यात, दाजी."

हवालदार बाई वयानं मोठी होती. ती जवळ येऊन म्हणाली, "बाबा, घरच्या कुणाला कळवायचं असेल तर कळवा. तो तुमचा हक्क आहे." मला फोन लावता येईना. तिनंच पोरीचा नंबर लावून दिला.

पोरगी आली ती तिच्या बिल्डिंगमधल्या एका वकील बाईला घेऊन. वकील बाई माझ्या पोरीपेक्षाही लहान. पायात घरातल्याच चपला. ती खाली वाकून म्हणाली, "बाबा, तुम्ही आता काहीच बोलायचं नाही."

"नाही म्हणणार नाही मी," मी आधीच सांगून टाकलं.

"नाही म्हणू नका. हो पण म्हणू नका. गप्प बसायचा तुम्हाला हक्क आहे. कायद्यानं दिलाय."

मला वाटलं, ही माझी समजूत काढतेय. मी विचारलं, "गप्प बसलो तर ते नाकारणं धरतात का?"

"नाही. गप्प म्हणजे गप्प. ना कबुली, ना नकार."

तिला काय ठाऊक मी कशासाठी विचारत होतो. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझा श्वास पोटापर्यंत गेला. एवढ्या मोठ्या सरकारनं माझ्यासारख्यासाठी अशी जागा ठेवलीय की जिथं खोटं बोलावं लागत नाही आणि मरावंही लागत नाही, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मग ती साहेबाकडं वळली. "अटक आहे का साहेब? असेल तर कारण सांगा आणि दोन तासांच्या आत डॉक्टरपुढं न्या, नाहीतर सोडावं लागेल. गुन्हा जामीनपात्र आहे."

"मॅडम, त्यांनी स्वतः कबूल केलंय."

"पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार? मशीनचा आकडा दाखवा."

आकडा नव्हता. "आणि नळी नवी दिली होती का?" तिनं विचारलं. साहेबानं हवालदार बाईकडं बघितलं, बाईनं पंख्याकडं.

सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारली, सरळ रेषेत चालायला लावलं. मी वाकडा जातो की काय म्हणून गळाठलो, पण पाय नीट पडले. मग रक्त काढलं. काळंकुट्ट रक्त नळीत चढत होतं आणि मला दोन्ही बाजूंनी भीती वाटत होती. त्यात दारू सापडली तर मी गेलो. आणि सापडली नाही तर? तर मग मी घेतलीच नाही असं होतं का? ती उपाशी राहिली का? सुई निघेपर्यंत मी ह्याच विचारात. शेवटी माझं मीच ठरवलं, माझ्या रक्तात नसेल तर सगळी तिलाच पोचली. दुसरं काय ठरवणार होतो?

डॉक्टरनं लिहिलं, माणूस शुद्धीवर आहे, चाल सरळ आहे. रक्त तपासायला पुढं गेलं. पोरगी जामीन राहिली. चावी सकाळी मिळेल, असं साहेब म्हणाला.

घरी आलो. पोरगी मेहुण्याला तिच्याकडं घेऊन गेली. मला म्हणत होती चला, पण मी गेलो नाही. झोप आली नाही. बाहेर कुणाच्या गाडीचा दरवाजा वाजला तरी उठून बसायचो.

सकाळी चावी आणायला गेलो. एकटाच. वकील बाई म्हणाली होती येते म्हणून, पण तिची झोप कशाला मोडायची. साहेब चहा पीत होता. कालच्यापेक्षा मऊ बोलला. "बसा बाबा. हवालदार बाईनं सांगितलं मला, तुमच्या मंडळींचा दिवस होता काल. आधी बोलला असता तर." मग म्हणाला, "एक करा. दारू घेतली नव्हती, घाबरून तोंडातून निघालं, असं लिहून द्या. मी वर बोलतो. रिपोर्टची वाट बघत जीव कशाला टांगायचा?"

त्यानं कागद पुढं सरकवला. पेनही उघडून दिलं. वाईट हेतूनं नाही, चांगल्याच मनानं.

मी पेन हातात घेतलं. कोठडीतला माणूस आज उठून बसला होता आणि माझ्याकडं बघत होता. सही करता येते मला, तेवढं शिकलोय. एक सही आणि सगळं मिटलं असतं, लायसन वाचलं असतं, गाडी वाचली असती. माझे दात वाजत होते, साहेबाला ते ऐकू गेलं असणार.

"काय झालं? काही बोला तरी."

मी बोललो नाही. ना हो, ना नाही. पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं आणि हात जोडून उभा राहिलो. साहेबानं कागद ओढून घेतला, ड्रॉवरमधून चावी काढून पुढं टाकली. "मग रिपोर्ट काय येईल ते येईल, बाबा. मला दोष देऊ नका."

ठाण्याच्या आवारात आणून लावलेल्या पिकअपमध्ये बसलो तर चावी भोकात जाईना. डाव्या हातानं उजवा धरला तेव्हा गेली. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि पुढचा गिअर टाकायची छाती झाली नाही. अख्खा पेठ रोड मी पहिल्याच गिअरमध्ये आलो. मागच्या रिक्षावाल्यांनी हॉर्न मारमारून, शिव्या देऊन मला घरापर्यंत पोचवलं.