आठ नंबरचा गुडघा

आयर्लंडमध्ये मेनूथला एमएससी करत असताना मी कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल मॅचना स्कोअर टेबलावर बसायचे. माझ्याकडे चोवीस सेकंदांचं घड्याळ असायचं. तेवढ्या वेळात संघाने बास्केटकडे बॉल मारायचा. तो रिंगला लागला की बटण दाबून घड्याळ मागे न्यायचं. या कामात कोणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मी ते घेतलं होतं.

आईला मात्र त्याचं फार कौतुक. ती लग्नाआधी नागपूरला कॉलेजकडून खेळायची. शाळेत असताना तिने मलाही कोर्टवर नेऊन सोडलं होतं आणि मी महिनाभरात रडून खेळ सोडला होता. आता रविवारच्या फोनवर तिला सगळं ऐकायचं असायचं. कोण चांगली खेळते, तिने विचारलं. मी म्हटलं, आठ नंबर. फार उंच नाही, पण रिबाउंडला, रिंगवरून उडालेल्या बॉलला, सगळ्यांच्या आधी पोचते. आणि चौदा नंबर, ती लांबून बास्केट करते.

"बोलतात का गं तुझ्याशी?"

"हो, मैत्रिणीच आहेत माझ्या."

खरं म्हणजे त्या मॅच संपल्यावर थँक्स म्हणायच्या आणि टेबलावरच्या सगळ्यांना पिझ्झा खायला बोलवायच्या. मी दर वेळी बस चुकेल म्हणून सांगायचे. बस अर्ध्या अर्ध्या तासाला होती.

कोर्स संपला. मला औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी डब्लिनजवळ ल्यूकनला राहायला आले. आठ नंबर जर्मनीतल्या व्यावसायिक लीगमध्ये गेली, चौदा नंबर स्पेनमध्ये. प्रत्येक लीगच्या साइटवर मॅचनंतर तक्ता येतो: किती मिनिटं खेळली, किती पॉइंट, किती रिबाउंड. रविवारी सकाळी मी दोन्ही तक्ते बघायचे आणि मग आईला फोन करायचे.

"काय करून राहिली तुझी आठ नंबर?"

मी आकडे सांगायचे. पण मैत्रीण नुसते आकडे सांगत नाही, म्हणून पुढे काहीतरी जोडायचे. कोच कडक आहे म्हणाली. तिथला ब्रेड तिला आवडत नाही. चौदा नंबरला घरची आठवण येते.

"म्हणजे फोन करतात तुला," आई म्हणायची. तिला इतकं हायसं वाटलेलं असायचं की मी हो म्हणायचे.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला पाच मॅच आठ नंबरच्या नावापुढे नुसती आडवी रेघ आली. खेळली नाही, एवढाच तिचा अर्थ. आईने का म्हणून विचारलं. मी म्हटलं, गुडघा. बास्केटबॉलवाल्यांचं तेच दुखतं.

"कोणता?"

"डावा."

"सूज आहे का?"

"थोडी."

सहाव्या मॅचला तिचे आकडे परत आले तेव्हा आई म्हणाली, इतक्या लवकर उतरायला नको होतं तिने.

डिसेंबरात आई माझ्याकडे आली, तर बॅगेत वैद्याकडून आणलेली तेलाची बाटली. शिवाय कॉलेजचं फेसबुक पान ती कधीपासून बघत होती. ख्रिसमसनंतरच्या शनिवारी दुपारी माजी खेळाडूंची मॅच आहे, हे मला तिच्याकडून कळलं. चौदा नंबर येणार नव्हती, आठ नंबर येणार होती.

"तुला बोलली नाही का ती?"

"बोलली ना."

थंडी फार आहे, बसचं काही खरं नाही, असं मी दोन दिवस सांगत राहिले. आईने साडीवर माझं जाकीट चढवलं, पायात स्पोर्ट्‌स शूज घातले आणि बसस्टॉपवर माझ्या आधी जाऊन उभी राहिली.

मॅचभर ती आठ नंबरचे पाय बघत होती. "छान वळून राहिला गं गुडघा. चांगले डॉक्टर मिळाले तिला." मॅच संपल्यावर मी तिला दाराकडे नेत होते, पण ती सरळ कोर्टवर गेली. मागोमाग मला जावंच लागलं.

"मी हिची आई," तिने एकेक शब्द जुळवत इंग्रजीत सांगितलं.

आठ नंबरने माझ्याकडे पाहिलं. तिला माझं नाव आठवत नसल्याचं दिसत होतं. "अगं, तू घड्याळावर बसायचीस. कशी आहेस?"

आईच्या ते लक्षात आलं नाही. तिने बाटली पुढे केली. "डाव्या गुडघ्याला. कोमट करून लाव. पाच मॅच बसावं लागलं म्हणजे साधं नसणार."

"माझ्या गुडघ्याला काही झालं नव्हतं," आठ नंबर म्हणाली. मग आईचा चेहरा बघून हळू आवाजात म्हणाली, "तेव्हा मी घरी आले होते. माझे बाबा गेले."

तिचे बाबा प्रत्येक मॅचला आमच्या टेबलामागे बसायचे. मध्यंतरात थर्मासमधला चहा कागदी कपात ओतून माझ्या घड्याळाशेजारी ठेवायचे आणि म्हणायचे, "बॉस, आज आम्हाला दोन सेकंद जास्त दे." त्या हॉलमध्ये मी ज्याच्याशी धड बोलले असा तो एकच माणूस. त्यांच्या जाण्याचा मी गुडघा केला होता. वर सूजही सांगितली होती.

आईने तिचा हात दोन्ही हातांत धरला. "मला माहीत नव्हतं. माफ कर."

"काही हरकत नाही, खरंच." तिने बाटली घेतली. "माझ्या आईचे गुडघे दुखतात. तिला देते."

तिच्या बाबांबद्दल मी एक वाक्यही बोलले नाही. खोटं बोलण्यापेक्षा याचीच मला जास्त लाज वाटते.

बसमध्ये आईने विचारलं, "तिने कधीतरी फोन केला होता का तुला?"

"नाही."

"चौदा नंबरने?"

"नाही. साइटवर बघून सांगायचे."

"साइट मलाही वाचता येते," आई म्हणाली. ल्यूकन येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग तिने विचारलं, "इथे कोणीच नाही का गं तुला?" मी म्हटलं, ऑफिसात आहेत. तिने मान हलवली.

आई परत गेली. रविवारचा फोन अजून होतो, पण मॅचचं ती विचारत नाही. परवा माझ्या लॅबमधल्या एकीने कॉफीला चलतेस का विचारलं आणि मी गेले. दीड तास बसलो. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "हो का? छान." कोण, कुठली, काय बोललात, काही नाही. तिने भाजी कोणती केलीस म्हणून विचारलं.

फोन ठेवल्यावर मी आमचा कॉफी पितानाचा फोटो तिला पाठवला. खाली लिहिलं, ही बघ, हीच ती. लिहिताना कान गरम झाले होते. आईने अंगठा पाठवला.