दसऱ्याला उतरवलेली वजनं

वाळूजला कारखान्यांच्या शेड नव्यानं उभ्या राहत होत्या, त्या काळात मी फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात चाचणीच्या खोलीत कामाला होते. खोली कसली, पत्र्याखालचा एक कोपरा. तिथं लोखंडी चौकटीवर टाकीच्याच मालाच्या सहा पट्ट्या आडव्या ठेवलेल्या आणि प्रत्येकीच्या मधोमध बिडाची वजनं टांगलेली. रोज सकाळी दहाला डायलच्या सुईवर बघायचं, पट्टी किती वाकली ते वहीत लिहायचं. आई म्हणायची, पोरगी बी.एस्सी. झाली आणि लोंबती वजनं राखत बसली.

मला राग यायचा. कारण काम दिसायला फालतू असलं तरी तसं नव्हतं. लोखंडाला पेलेल एवढं वजन लावलं, की ते वाकायचं तेवढं तेव्हाच वाकून मोकळं होतं. फायबर आधी वाकतं, थांबल्यासारखं वाटतं आणि मग महिनोन् महिने केसाकेसानं वाकतच राहतं. आज धडधाकट दिसणारी टाकी दोन वर्षांनी काय करेल, हे त्या सहा पट्ट्यांनाच विचारावं लागायचं. साहेबांना टाकीच्या भिंतीतला काचेच्या धाग्यांच्या मॅटचा एक थर कमी करायचा होता. तेवढ्यानं टाकी टिकते का, हे बघायला उन्हाळ्यात चाचणी लावली होती. ती वर्षभर चालायची होती.

पट्ट्या चाचांनी बनवल्या होत्या. आमच्या टाक्याही तेच बनवायचे. शहागंजच्या मागं राहायचे, साठीला आलेले होते, सगळा कारखाना त्यांना चाचाच म्हणायचा. साच्यावर काचेची मॅट अंथरायची, वर चिकट रेझिन ओतायचं आणि हातरूळ फिरवून आतली हवा काढायची, हे त्यांचं काम. हवेचा बुडबुडा आत राहिला तर टाकी तिथूनच फाटते. चाचांच्या टाकीत बुडबुडा सापडत नसे. तयार टाकीवर ते नखानं टिचक्या मारत सगळीकडून फिरायचे आणि समाधान झालं की मगच डबा उघडायचे. बाकी कशाची त्यांना मिजास नव्हती, या एका गोष्टीची होती.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा. चाचा दरवर्षी आपला रूळ घासूनपुसून आणायचे, पाटावर ठेवायचे आणि हळदकुंकू लागेपर्यंत बाजूला हात बांधून उभे राहायचे. त्या वर्षी साहेब सणाला पुण्याला घरी गेले होते. सगळ्यांची हत्यारं पाटावर आणि माझी वजनं तेवढी धूळ खात लोंबकळतायत, हे काही मला बरं वाटेना. मी ती उतरवली. चिंचेनं घासली, कुंकू लावलं, झेंडू वाहिले. दसऱ्याला हत्यार चालवायचं नाही, पुढं रविवार आला. तीन दिवस पट्ट्या मोकळ्या राहिल्या.

सोमवारी वजनं परत टांगताना चाचा दाराशी येऊन थांबले.

"बेटी, वजनं उतरवली व्हती हे वहीत लिव," ते म्हणाले. "ह्या मालाला आराम भेटला की तो चार दिस खोटं बोलतो."

मी हो म्हणाले. सुई बघितली तर खरंच मागं आली होती. आठवडाभर ती पुढं सरकत राहिली आणि दसऱ्याआधीच्या आकड्याशी पोचली. मी आकडे खरे लिहिले, कारण मात्र लिहिलं नाही. लिहिलं असतं तर साहेबांनी मला फाडून खाल्लं असतं आणि चाचणी पहिल्यापासून लावावी लागली असती. आज लिहू, उद्या लिहू करता करता दिवाळी आली. थंडी पडली होती, त्यामुळं पट्ट्या तशाही संथ झाल्या होत्या. साहेबांनी आलेख मागवला, दसऱ्यापासून रेघ पुढं गेलीच नाही हे बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, वाकणं थांबलंय, बंद करा चाचणी. मी तिथंच उभी होते. तोंड उघडलं नाही.

कमी थराच्या टाक्या निघाल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात चिकलठाण्याकडच्या एका कारखान्यातून निरोप आला, की अॅसिडच्या टाकीचं पोट सुटलंय. साहेबांनी चाचांना पाठवलं. टाकी अर्धी रिकामी केलीय, असं त्यांना सांगितलं होतं. ते वाकून खालच्या अंगाला टिचक्या मारत होते, तेवढ्यात ती उभी फाटली.

जीव वाचला. डोळे दोन्ही गेले.

साहेबांनी अहवालात लिहिलं की थरात हवा राहिली होती, हातकामातला दोष. मी तो अहवाल टाइप केला. हे लिहिताना आजही माझी मला किळस येते.

महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेले. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. चाचा खाटेवर बसले होते, चेहऱ्याची एक बाजू ओळखू येत नव्हती. चाचींनी चहा दिला आणि त्या आत गेल्या. माझा आवाज ऐकून चाचा सरसावून बसले.

"सायब म्हणतात, माझ्या हातून हवा राह्यली. मला नाय पटत," ते म्हणाले. "एक सांग बेटी. त्या दसऱ्याचं तू वहीत लिवलं व्हतं ना?"

"व्हय चाचा. लिहिलं होतं."

कसं निघालं तोंडातून, मला कळलं नाही. एवढं कळतं, की घाबरून निघालं आणि ते मी परत घेतलं नाही.

 चाचा उजवा हात डाव्या हातात घेऊन त्याची बोटं चाचपू लागले.

"मग चाचणी बराबर व्हती," ते म्हणाले. "म्हंजी माझाच हात चुकला."

चहा तसाच ठेवून मी उठले. पुढं ते होते तोवर मी पाच-सहा वेळा गेले असेन. दर वेळी शहागंजात रिक्षातून उतरताना ठरवायची, की आज सांगायचं. दर वेळी ते आधी कारखान्याचं विचारायचे. रुळावर माझ्या जागी आता कोण आहे, हात कसा आहे त्याचा, असं. आणि निघताना न चुकता म्हणायचे, त्याला सांग, रूळ दोनदा फिरव, माझ्यासारखं करू नको.

मी सांगते म्हणायची.