तिसरीतले होमराज सर

होमराज सर गेल्याचा फोन आला, तेव्हा शाळेच्या टॅबमधली बाई म्हणत होती, ‘शाब्बास होमराज! आज तू खूप छान अभ्यास केलास.’ फोनवर सरांचा पुतण्या होता. धान कापणीसाठी दोन दिवसांची रजा टाकून सर नागभीडजवळच्या आपल्या गावी गेले होते. बांधीत, भाताच्या खाचरातच, छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं... मी टॅब बंद केला. पोरं ओरडली, ‘बाई, चालू ठेवा नं! सरले आता तारा भेटत होता!’

आता महिना उलटलाय. सरांना टॅबवरचा तारा कसा मिळणार होता हे आधी सांगते, नाहीतर वाचक म्हणतील, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. गोंडपिपरीच्या पुढे जंगलात आमची चौथीपर्यंतची शाळा, शिक्षक दोन. मी चंद्रपूरची, नवी, सगळे नियम पाठ असलेली. सर पन्नाशीचे, नियम पाठ असूनही ऐन वेळी न आठवणारे. शाळेला एक टॅब मिळाला, तेव्हा त्यांनी त्यावर अभ्यासाचं एक फुकट अ‍ॅप घेतलं. अ‍ॅपनं विचारलं, विद्यार्थ्याचं नाव? सरांनी स्वतःचं टाकलं. इयत्ता? तिसरी. प्रगती कळवायला मोबाइल नंबरही स्वतःचाच. शाळेतली अकराही पोरं त्या एकाच नावावर अभ्यास करायला लागली. अ‍ॅपला वाटायचं, होमराज नावाचा एकच मुलगा आहे, ज्याला सकाळी अपूर्णांक येतात आणि खिचडी खाल्ल्यावर दोन नि दोन पाच होतात. परिसर अभ्यासात तर सर हमखास आपटायचे. घराजवळ न दिसणारा प्राणी ओळखा, असा प्रश्न आला की पोरं मांजरावर बोट ठेवत. गावात मांजर एकही नव्हतं, अस्वल मात्र मोहाच्या झाडाखाली नेमानं यायचं.

तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी आमच्या शाळेचा अहवाल उघडला. विद्यार्थी एक, गणितात कच्चा. ‘हा होमराज कोण?’

सर उभे राहिले. ‘मीच, साहेब.’

साहेब कागदातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘पालकांना बोलावलं का?’

‘वडील वारले, साहेब.’

सगळी बैठक हसून लोटपोट. साहेबांनी मात्र प्रत्येक मुलाचं वेगळं नाव टाकायला बजावलं. परतताना बसमध्ये मी सरांना चांगलंच फैलावर घेतलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘बाई, तुम्ही याच्या आधीची मैनी पाह्यली नाई.’ तिसरीतल्या मैनीचं एकदा फळ्यावर गणित चुकलं होतं, पोरं हसली, आणि ती दोन महिने शाळेत फिरकलीच नाही. आईबरोबर जंगलात जायची. ‘आता चुकलं तं मी चुकतो. तिचं काई जाते का?’

ते खरंच होतं. उत्तर चुकलं की सगळा वर्ग ओरडायचा, ‘सर चुकले!’ आणि सर कान धरून कोपऱ्यात उभे राहायचे. सगळ्यात मोठा आवाज मैनीचा. तरीही मी हटून विचारलं, ‘आणि अहवालाचं काय?’

‘मी तिसरीतच आहो, बाई. घाई काऊन करता?’

सर गेल्यावर वरून पत्र आलं. मयत शिक्षकाच्या नावाचं खातं काढून टाकावं, मुलांची नावं टाकावीत. मी नियमवाली. पहिलं नाव मैनीचं टाकलं. तिचं पहिलंच उत्तर चुकलं, आणि तिच्या नावाखाली लाल फुली आली. कोणी हसलं नाही, कोणी ओरडलंही नाही. दुसऱ्या दिवशी मैनी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सरांची इतकी आठवण मला ते गेले त्या दिवशीसुद्धा आली नव्हती.

पण पत्र ते पत्र. शनिवारी टॅब घेऊन हापशीजवळ गेले. गावात इंटरनेटपुरती रेंज तिथेच मिळते. सरांचं खातं उघडलं. काढून टाकायचं बटण शोधत होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. सरांच्या पत्नी होत्या.

‘बाई, यायच्या फोनवर दर हप्त्याले मेसेज येते, तसा आत्ता आला. होमराज भागाकारात कच्चा हाय म्हन्ते.’

माफी मागून सांगणार होते की हे आता येणार नाही, आजच बंद करते... पण त्याच पुढे बोलल्या.

‘भागाकार त्यायले कधी जमलाच नाई, बाई. घरी आंबे वाटले तं सगळ्यायले पुरत, यायच्याच वाट्याले एक नसे. थोडं लक्ष द्या त्यायच्याकडे.’

‘हो,’ म्हटलं. मग मैनीचं खातं काढून टाकलं. सोमवारी तिला घरून हाताला धरून आणलं, आणि टॅबवर होमराज सरांचा भागाकार घेतला.